हक्कनगरातलं पक्कं

हर्सूलच्या तलावाकडं जाताना जो उतार लागतो, त्या उताराच्या अंगाला अठरा घरांची एक गल्ली आहे. तिचं नाव हक्कनगर. हे नाव कोणी ठेवलं याबद्दल गल्लीत एकमत नाही. कमरुन्निसा म्हणते, तिच्या सासऱ्यानं ठेवलं. द्वारकाबाई म्हणते, ठेवलं असेल, पण पाटीचा पत्रा मी आणला. आणि ज्यानं पत्रा आणला, नाव त्याचं. द्वारकाबाईचे असे बरेच कायदे होते. गल्ली ते मुकाट पाळायची, कारण न पाळणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशी नळावर गाठायची आणि चारचौघांत समजावून सांगायची. असं समजावून घेतलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे.

त्यातला एक कायदा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडक. तो तिच्याच अंगावर कसा उलटला आणि शेवटी तिनंच तो कसा मोडला, त्याची ही हकिकत.

द्वारकाबाई मूळची वैजापूरकडची. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवऱ्याच्या मागं शहरात आली. नवरा सांडू गवंडीकाम करायचा, ही त्याच्या हाताखाली घमेली वाहायची. सिडकोची घरं तेव्हा एकामागून एक उठत होती. कमी उत्पन्नाच्या माणसाला परवडावं म्हणून सरकार घरं बांधत होतं, आणि त्याहूनही कमी उत्पन्नाची ही दोघं त्या घरांची वाळू वर चढवत होती. अशा घरासाठी अर्ज करायचा असतो, हे त्यांना घरं बांधून झाल्यावर कळलं. द्वारकाबाई त्याबद्दल कुढत बसली नाही. पुढं कधी रिक्षातून त्या बाजूनं जाताना ती बोट करून दाखवायची, "ते जिनेवालं दिसतंय का? त्याच्या पायऱ्यांची समदी रेती माझ्या डोक्यावरून गेली. चौथी पायरी थोडी उंच झालीय, ती मालकांची चूक." रिक्षावाला हसायचा. तिला नवऱ्याच्या त्या चुकीचाही अभिमान होता.

राहायला दोघं छावणीकडच्या एका नाल्याच्या काठाला होती. शेजारी पुंजाराम नावाचा रखवालदार राहायचा. एके दिवशी कुठल्याशा खात्याचा एक साहेब वही घेऊन आला आणि दारोदार एकच विचारत गेला, "कच्चं की पक्कं?" पुंजाराम भोळा. त्याला वाटलं, साहेब मदत द्यायला आलाय. त्यानं हात जोडून सांगितलं, "कच्चं हाये साहेब, लई कच्चं," आणि भिंतीची एकूण एक भेग दाखवली. साहेबानं मन लावून लिहून घेतलं. आठ दिवसांनी माणसं आली आणि वहीत कच्ची लिहिलेली तेवढी घरं पाडून गेली. पुंजारामचं घर पडायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

सांडूनं मात्र 'पक्कं' म्हणून सांगितलं होतं. त्याचं घर आणखी दोन वर्षं उभं राहिलं. त्याला असं उत्तर कसं सुचलं, ते द्वारकाबाई गल्लीत असं सांगायची: तो पडला गवंडी. स्वतःच्या हातच्या भिंतीला कच्चं म्हणायला त्याची जीभच वळली नसती.

पुढं नाल्याकाठची उरलेली घरंही गेली आणि दोघांनी हर्सूलच्या उतारावर जागा धरली. द्वारकाबाईनं पुंजारामला शहरभर शोधलं, तो बायकोसह एका गोदामाच्या ओट्यावर झोपत होता, तिथून उठवून आणलं आणि आपल्या शेजारची जागा त्याला दिली. सांडू काही वर्षांनी वारला. मुलगी लग्न होऊन वैजापूरला गेली. द्वारकाबाई एकटी उरली आणि तिचा सगळा वेळ गल्लीच्या वाट्याला आला. गल्लीला तो कधीकधी जरा जास्तच व्हायचा.

तर तो कायदा असा: साहेब आला, वही निघाली, की पक्कं म्हणायचं. घर पत्र्याचं असो, तट्ट्याचं असो, चार बांबूंवर ताडपत्री असो. साहेबानं विचारायच्या आत म्हटलं तर फार उत्तम. गल्लीत नवी सून आली की तिला नळाची वेळ नंतर सांगायचे, आधी हे शिकवायचे. कमरुन्निसाच्या सुनेला तर निकाहाच्या दुसऱ्याच दिवशी द्वारकाबाईनं पुढ्यात बसवून तीनदा म्हणायला लावलं होतं. ती बिचारी मान खाली घालून "पक्कं, पक्कं, पक्कं" म्हणाली. तिला वाटलं, लग्न पक्कं झालं का, असं विचारतायत.

द्वारकाबाई नुसतं म्हणून थांबली नव्हती. तिच्या घराची भिंत मातीची, पण दर दिवाळीला ती भिंतीला गेरूचा हात द्यायची आणि त्यावर चुन्याच्या बारीक रेघा ओढून विटा काढायची. त्याही कशातरी नाही. इतकी वर्षं गवंड्याच्या हाताखाली काढलेली बाई. विटेचा सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक. एक ओळ आख्ख्या विटेनं सुरू केली तर पुढची अर्ध्या विटेनं. दहा पावलांवरून बघणाऱ्याला वाटावं, चांगल्या भट्टीच्या विटा वापरल्यात. अशा त्या भिंतीसमोरून दोन-तीन साहेब मान डोलावत निघून गेले होते, आणि प्रत्येक वेळी द्वारकाबाईनं त्या भिंतीवरून हात फिरवला होता.

असं करता करता गल्लीत त्या शब्दाचा अर्थच बदलून गेला. विटा आणि सिमेंट यांच्याशी त्याचं काही देणंघेणं उरलं नाही. जे कोणी पाडायला येणार नाही ते पक्कं. सरकारनं वस्तीतल्या घरांना जागेचे पट्टे दिले, तेव्हा लोकांनी 'गल्ली पक्की झाली' म्हणूनच पेढे वाटले. घरं तीच होती, पत्र्यावर दगड ठेवलेली.

मग ती योजना आली. सर्वांना घर, असं तिचं म्हणणं. ज्याच्या नावावर जागा आहे पण घर कच्चं आहे, त्याला चांगलं घर बांधायला सरकार मदत करणार. ज्याचं घर आधीच पक्कं आहे त्याला काही मिळणार नाही. सरळ गोष्ट आहे. पण सरळ गोष्ट हक्कनगरापर्यंत पोचता पोचता वाकडी झाली, कारण सरकारनं योजना बदलली आणि प्रश्न मात्र जुनाच ठेवला.

फारूख नावाचा एक तरुण मोबाइल घेऊन पाहणीला आला. घाम पुसत पहिल्या दाराशी थांबला आणि विचारलं, "घर कच्चं की पक्कं?"

पुंजाराम बाजेवरून द्वारकाबाईला हळूच म्हणाला, "याच्याकडं वही नाय."

"मोबाइल बी वहीच हाये," द्वारकाबाई म्हणाली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"पक्कं," पहिल्या दारातून आवाज आला. दुसऱ्यातून आला, तिसऱ्यातून आला. कमरुन्निसाच्या दारात फारूखनं वर छपराकडं पाहिलं. पत्रा उडू नये म्हणून त्यावर दोन टायर आणि एक जुनं जातं ठेवलं होतं. "खाला, सचमें पक्का है?" त्यानं विचारलं.

"हौ, एकदम पक्का," कमरुन्निसा म्हणाली. "कायकू पूछ रै?"

राहणाऱ्याच्या तोंडचं लिहायचं, असं त्याला सांगितलेलं होतं. त्यानं लिहिलं. अठरा दारं, अठरा वेळा पक्कं. जाताना तो द्वारकाबाईला म्हणाला, "मावशी, इतकी एकी मी कुठल्या गल्लीत पाहिली नाही." द्वारकाबाई खूश झाली. तिनं त्याला गूळ घालून चहा पाजला.

दोन महिन्यांनी यादी लागली. वरच्या अंगाची वस्ती झाडून सगळी पात्र. हक्कनगरातली अठराच्या अठरा घरं अपात्र. कारणाच्या रकान्यात सगळ्यांपुढं एकच: पक्कं घर आहे. कमरुन्निसाची सून शिकलेली होती, ती यादी वाचून आली आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना सांगितलं. मग हळूहळू सगळ्यांची तोंडं द्वारकाबाईच्या दाराकडं वळली.

कमरुन्निसा तशी तिची जिवाची मैत्रीण. तीच पुढं आली. "बाई, तुमीच तो पढाए थे हमना," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, आणि म्हणूनच ते द्वारकाबाईला जास्त लागलं. ती घरात गेली आणि दार लावून बसली. दिवसा दार लावलेली द्वारकाबाई गल्लीनं कधी पाहिली नव्हती. नळावर त्या दिवशी कोणी कोणाला समजावलं नाही, आणि बायकांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली, लुगडं नेटकं केलं आणि कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनानं शांतपणे सांगितलं, "आजी, तुमच्याच तोंडचं लिहिलंय. हरकतीचा अर्ज द्या. साहेब पुन्हा पाहणीला येतील. पण लक्षात ठेवा, ही शेवटची पाहणी. त्यात जे लिहिलं जाईल ते कायम." अठरा घरांचं काय व्हायचं ते आता त्या एका फेरीवर होतं, आणि द्वारकाबाईला ते अठराही घरांच्या वतीनं कळून चुकलं.

अर्ज कमरुन्निसाच्या सुनेनं लिहिला. तिनं आधी लिहिलं, 'आमच्याकडून चुकीची माहिती दिली गेली.' द्वारकाबाईनं ते खोडायला लावलं.

"चुकीची नव्हती दिली. लिव, साहेब, तुमचं पक्कं आन आमचं पक्कं येगळं हाये. तुमच्यात विटाचं ते पक्कं. आमच्यात, पडत नाय ते पक्कं."

"असं अर्जात लिहीत नाहीत, बाई."

"मंग आजपून लिवत जावा."

लिहिलं. कारकुनानं वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि शिक्का मारला.

आता गल्लीला उलटं शिकवायचं होतं. तीस वर्षं घोटून घेतलेला शब्द तोंडातून काढणं ही काही साधी गोष्ट नव्हे. द्वारकाबाई रोज संध्याकाळी दारोदार जाऊन साहेबाच्या आवाजात विचारायची, "कच्चं की पक्कं?" आणि आतून ताबडतोब "पक्कं" यायचं. मग जीभ चावायचे. कमरुन्निसाचं तर "प… कच्चा" व्हायचं. सून म्हणाली, अम्मी, नुसती मान हलवा. त्यावर द्वारकाबाईनं विचारलं, मान हलवून कच्चं कसं म्हणतात ते मला करून दाखव. सगळ्या हसत सुटल्या. चार दिवसांत सतरा घरं सुधारली.

अठरावं पुंजारामचं. तो काही केल्या बधेना.

"मी नाय म्हननार," तो म्हणाला. "एकदा म्हनलो व्हतो. असाच एक साहेब व्हता. असाच गोड बोलला व्हता."

"ते साहेब येगळे, दादा. हे बांधून द्यायला येतेत."

"त्योबी बांधूनच देनार हाये असं मला वाटलं व्हतं," पुंजाराम म्हणाला आणि बाजेवर कूस बदलून पडला. पुढं बोलायला तो तयारच नव्हता. द्वारकाबाई उठून आपल्या घरी गेली. कोणाला समजावताना तिची जीभ अडखळायची असा हा गल्लीतला एकच माणूस होता, आणि ते का, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

पाहणीच्या दिवशी साहेब आले, बरोबर फारूख. साहेब इंजिनिअर होते, अंगानं भरलेले आणि स्वभावानं बरे. द्वारकाबाईनं त्यांना आधी आपल्याच दाराशी नेलं. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि विचारायच्या आत सांगून टाकलं, "कच्चं हाये."

साहेबांनी भिंत पाहिली, मग तिच्याकडं पाहिलं. "मावशी, विटांचं घर आहे की हे. आणि गवंडी चांगला होता हो. सांधे कसे मोडलेत बघ, फारूख. आमचे ठेकेदार सुद्धा इतकं नीट करत नाहीत."

आयुष्यात कोणा इंजिनिअरनं द्वारकाबाईच्या कामाची अशी तारीफ केली नव्हती, आणि नेमकी त्या दिवशी केली. दुसऱ्या कोणत्याही दिवशी तिनं ती पदरात बांधून ठेवली असती. ती आत गेली, लोटाभर पाणी आणि फडकं घेऊन आली, आणि साहेबांच्या समोर भिंत पुसायला लागली. पहिल्या हातासरशी सात-आठ विटा फडक्यावर आल्या. दुसऱ्या हातासरशी खालची माती ओली होऊन ओघळली. साहेब बघत राहिले. फारूखनं तोंडावर रुमाल धरला, कारण त्याला हसू आवरेना.

"किती वर्षं फसवलंत आम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"तुमाला नाय साहेब. तुमच्या आधीच्यांना," द्वारकाबाई म्हणाली. फडकं पिळताना लाल पाणी तिच्या पायावर पडलं आणि तिला वाईट वाटलं. इतक्या दिवाळ्या त्या पाण्यात होत्या. पण फारूखनं मोबाइलमध्ये 'कच्चं' लिहिलं, तिला ते दाखवलं, आणि ती पुढच्या दाराकडं निघाली.

सतरा घरं बिनघोर पार पडली. कमरुन्निसा तर "कच्चा, कच्चा, बिल्कुल कच्चा" इतक्यांदा म्हणाली की, साहेबांनी हात जोडले. पुंजारामचं दार द्वारकाबाईनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, तिथं आता सगळे आले. तो उंबऱ्यातच बसला होता.

"बाबा, घर कच्चं की पक्कं?"

"पक्कं," पुंजाराम म्हणाला.

साहेबांनी मागं वाकलेल्या पत्र्याच्या भिंतीकडं पाहिलं. "दिसतंय मला बाबा काय आहे ते. पण तुमच्या तोंडून यावं लागतं आणि खाली अंगठा लागतो. पुन्हा सांगा."

"पक्कं हाये."

फारूखचं बोट मोबाइलवर थांबलं. द्वारकाबाई पुढं झाली आणि उंबऱ्याशेजारी जमिनीवर बसली. सगळी गल्ली मागं उभी होती. तिला हे एकांतात सांगायचं होतं, तीस वर्षं तिनं एकांत शोधलाही होता, पण प्रत्येक वेळी धीर झाला नव्हता. आता चारचौघांतच सांगायची पाळी आली.

"दादा, नाल्याकाठी तुमी खरं बोल्ले आन तुमचं घर गेलं. आमचे मालक पक्कं म्हनले ते काय हौसेनं नाय म्हनले. मी आदल्या दिवशी कामावर मुकादमाच्या तोंडून ऐकलं व्हतं, कच्ची तेवढी पाडनार म्हनून. मी घरी येऊन मालकांना सांगितलं. तुमाला नाय सांगितलं. समदेच पक्कं म्हनले तर साहेबाला संशय येईल, असं मला वाटलं. तुमचं घर पडलं म्हनून आमचं राह्यलं. म्या जानून गप राह्यले, दादा."

पुंजाराम तळहातावर तंबाखू मळत होता, त्याचा अंगठा थांबला. साहेब घड्याळ बघायचं विसरले.

"म्हंजी माझ्या जिभेनं नाय गेलं ते," पुंजाराम शेवटी म्हणाला.

"नाय."

"आमची मंडळी मरेस्तोवर म्हनायची, तुमच्या जिभेनं घर खाल्लं. मलाबी तसंच वाटायचं. म्हनून तर कोनासंगं लई बोलत नाय मी." त्यानं हातावरची तंबाखू झटकली. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला तर सापडला असता, थोडाफार होताच. पण त्याहून जास्त काहीतरी हलकं झाल्यासारखं दिसत होतं. "लई उशिरा सांगितलं बाई तुमी."

"व्हय. लई उशिरा."

"मंग आता दोन टायम चहा तुमच्याकडून. जित्ता हाये तवर. आन साखर घालायची, गूळ नाय."

"घालीन," द्वारकाबाई म्हणाली, आणि तिला रडू आलं. मागं कमरुन्निसा आधीच रडत होती, पण ती लग्नाच्या वरातीतही रडायची.

पुंजाराम साहेबांकडं वळला. "लिवा साहेब, कच्चं हाये. पन माझं हाये, हे बी लिवा."

"बाबा, त्याला रकाना नाही," साहेब म्हणाले.

"शेरा म्हणून एक जागा आहे, सर," फारूख म्हणाला. साहेबांनी मान हलवली, आणि फारूखनं शेऱ्यात लिहिलं: घर कच्चं आहे, पण त्यांचं आहे. मग ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पुंजारामनं अंगठा दिला.

नवी यादी लागली तेव्हा हक्कनगरातली अठराही घरं पात्र होती. कमरुन्निसाच्या सुनेनं ती नावं एकेक करून वाचली आणि प्रत्येक नावाला गल्लीनं टाळ्या वाजवल्या. घर बाईच्या नावावर असावं असं योजनेचं म्हणणं असल्यामुळं यादीत बायकांचीच नावं जास्त होती, आणि ज्यांना गल्ली वर्षानुवर्षं अमक्याची आई म्हणून ओळखत होती, त्यांची खरी नावं काही जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळली. पुंजारामचं नाव आलं तेव्हा तो चहा पीत होता. साखरेचा.

मग कामाचे दिवस आले. फारूख एका सकाळी कागदांची चळत घेऊन आला आणि त्यानं सगळं समजावून सांगितलं. बांधकामाच्या प्रत्येक टप्प्यावर फोटो निघणार होता. पहिला फोटो मोकळ्या जागेचा. म्हणजे आधी जुनं घर पाडायचं, आणि ते ज्याचं त्यानं पाडायचं. सरकारचं कोणी त्यासाठी येणार नव्हतं.

पाडायच्या दिवशी द्वारकाबाईचं सामान पहाटेपासून बाहेर काढून ठेवलेलं होतं. भांडी, पेटी, मालकांची थापी, गोधड्या. बायकांनी ते वरच्या अंगाला घातलेल्या मांडवात नेऊन लावलं. पहिलं घर तिचंच पाडायचं ठरलं होतं. त्यावर कोणी वाद घातला नाही, एवढ्यावरूनच गल्लीनं तिला माफ केलंय हे कळण्यासारखं होतं. दोन मजूर कुदळी घेऊन उभे होते. त्यातला एक भिंतीपाशी सरकला, तशी ती म्हणाली, "तू थांब. आधी कागद."

फारूखनं संमतीचा कागद वाचला. "मी माझे जुने घर स्वखुशीने पाडत आहे."

पुंजाराम बाजेवरून उठून जवळ आला. "पुन्हा वाच."

फारूखनं पुन्हा वाचलं.

"स्वखुशीनं म्हंजी?"

"म्हणजे आपल्या मर्जीनं, बाबा. कोणी पाडायला लावलं नाही, कोणी पाडायला आलं नाही."

"आन नाय पाडायचं म्हनलं तर?"

"तर नाही. कोणी हात लावणार नाही. पट्टा तुमच्या नावावर आहे."

द्वारकाबाईनं सही केली. नाव पूर्ण लिहायला तिला वेळ लागला, पण कोणी घाई केली नाही. मग तिनं मजुराच्या हातातली कुदळ घेतली आणि भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. फडक्यानं पुसलेल्या जागी माती दिसत होती, बाकीच्या विटा अजून तशाच होत्या, सांध्यावर सांधा न येऊ देता काढलेल्या. तिनं कुदळ उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. घरं पडताना तिनं शहरात अनेकदा पाहिली होती, आणि दर वेळी ती घराच्या आत तरी असायची नाहीतर रस्त्यावर. कुदळीच्या या बाजूला ती पहिल्यांदाच उभी होती.

पुंजाराम तिच्याशेजारी येऊन थांबला. "म्हंजी बाई," तो विचार करत म्हणाला, "आता आपल्याबिगर हे कोनी पाडू शकत नाय."

"नाय, दादा."

"कोनीच नाय."

"कोनीच नाय."

"मंग मारा," पुंजाराम म्हणाला, आणि द्वारकाबाईनं कुदळ खांद्यावरून वर नेली.